हवेत फिरणारं चाक

(रबाळे एमआयडीसी, सकाळ. रॅम्पवर लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र जखडणारी कळ, नसलेली जुनी थार, मागची दोन्ही चाकं अधांतरी.)

बाहेर ठाणे-बेलापूर रस्त्याची घरघर चालू आहे. मिस्त्री गाडी गिअरमध्ये टाकतात आणि मागचं डावं चाक हाताने पुढे फिरवतात. आता उजव्या चाकाकडे बघा. ते उलटं फिरतंय.

डिफरन्शियल म्हणजे दोन चाकांच्या मधली, दोघांना जोर वाटून देणारी गिअरपेटी. तिचं काम हेच. घोडबंदर रोडला यू-टर्न घेताना, दोन चाकांतलं अंतर दीड मीटर धरलं, तर बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जवळजवळ पावणेपाच मीटर जास्त धावतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला जखडलेली असती, तर प्रत्येक वळणावर टायर घासले असते. म्हणून डिफरन्शियल दोघांना आपापल्या वेगाने फिरू देतं. जोर मात्र दोघांना सारखाच. एक चाक हवेत गेलं की त्याला फिरायला जोर लागतच नाही, आणि मग घट्ट दगडावर टेकलेल्या दुसऱ्या चाकाच्या वाट्यालाही काही येत नाही.

(पावसाळा. मुरबाडकडची पाणंद, दोन्ही बाजूंना भातखाचरं.)

हे मला इथे कळलं. गाडी फोर बाय फोरमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर, तरी पुढचं एक आणि मागचं एक चाक गरागरा फिरत होतं. गाडी तसूभर हलेना. शेजारी चिखलणी करणारे एक काका ट्रॅक्टर घेऊन आले. दोरी ताणली, तसं त्यांचंही एक चाक घसरलं. काकांनी खाली न बघता टाचेने एक पेडल दाबलं, ट्रॅक्टरची दोन्ही मागची चाकं बरोबरीने फिरली आणि आम्ही बाहेर. “तुमच्या गाडीला लॉक नाय का, दादा?” एवढंच विचारलं त्यांनी. तिथून मी लॉकर शोधायला लागलो.

(गॅरेज. बाकावर उघडलेलं डिफरन्शियल.)

पर्याय बरेच आहेत. लिमिटेड स्लिप, म्हणजे घसरण थोडीफार रोखणारं डिफरन्शियल; त्यातल्या प्लेटा ओल्या रस्त्यावर साथ देतात, पण चाक पूर्ण उचललं गेलं की त्यांची ताकद कमी पडते. २०२३ ला आलेल्या जिम्नी गाडीत घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसरीकडे वळवतात. हलक्या गाडीला ते छान पुरतं. लांब चढणीवर सारखं वापरलं तर ब्रेक तापतात. २०२० च्या थारच्या काही प्रकारांत मागे आपोआप लागणारा लॉकर आहे. दोन चाकांच्या फिरण्यात मिनिटाला साधारण शंभर फेऱ्यांचा फरक पडला की तो खटकन बसतो. म्हणजे आधी चाक फिरू द्यावं लागतं, आणि दगडांच्या चढणीत तेवढ्यात गाडी बाजूला उडी घेऊ शकते. गुरखा गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे हाताने लावायचे लॉकर आहेत, काकांच्या पेडलसारखे. २०२४ च्या थार रॉक्समध्ये मागचा लॉकर बटणावर लागतो.

आठवडाभर ऐरोलीला ऑफिस आणि रविवारी चिखल, असं ज्याचं आयुष्य आहे त्याने हवा तेव्हाच लागणारा लॉकर घ्यावा, आणि आधी मागचाच. पुढचा लॉकर लागला की स्टिअरिंग जड होतं, गाडी वळायला तयार नसते. आणि त्याही आधी टायर. गुळगुळीत टायरवर लॉकर बसवून दोन चाकं एकत्र घसरतील, एवढंच.

एक गोष्ट मात्र जपा. आडव्या उतारावर ओल्या लाल मातीत लॉकर लावू नका. तो नसेल तर एक चाक घसरतं, पण दुसरं शांतपणे माती धरून राहतं. लॉक केल्यावर दोन्ही एकदम सुटतात आणि गाडीचं शेपूट सरळ खालच्या बाजूला जातं. हे मी एकदाच अनुभवलंय, पुन्हा नको.

(गिअरच्या दातांवर लावलेला रंग, जवळून.)

लॉकर निवडण्याइतकंच बसवणारा हात निवडणं महत्त्वाचं. माझ्या गाडीला पहिल्यांदा ज्यांच्याकडे बसवला, तिथून निघाल्यावर साठच्या पुढे पाय सैल केला की मागून घोंघावणारा आवाज येई. क्राऊन आणि पिनियन या डिफरन्शियलमधल्या एकमेकांत बसणाऱ्या दातेरी चाकांमधली फट चुकली होती. ही फट मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढी. हे मिस्त्री दातांना रंग लावतात, क्राऊन फिरवतात, ठसा दाताच्या मधोमध उमटला की नाही ते बघतात. नाही उमटला तर शिम, म्हणजे फट कमी-जास्त करणारी पातळ चकती, बदलायचा, पुन्हा रंग, पुन्हा ठसा. कालपासून चौथ्यांदा चाललंय. त्यांना घाई करू नका.

येऊरच्या जंगलात मात्र कोणताही लॉकर घेऊन शिरायचं नाही. ते राष्ट्रीय उद्यान आहे. आणि लावणी झालेल्या खाचरात तर चाकही नाही.

(संध्याकाळ. हवेच्या दाबावर लागणाऱ्या लॉकरचा कॉम्प्रेसर सुरू होतो.)

बटण दाबलं. हवा सुटल्याचा बारीक आवाज, मग आत एक ‘टक्’. गाडी न्यूट्रलमध्ये आहे. मिस्त्री डावं चाक पुढे फिरवतात.

उजवंही पुढेच फिरतंय.