आधी रेषा, मग कारणं

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलजवळची एक शाळा. चौदा-पंधरा वर्षांची मुलं. पडद्यावर क्षणभर ठिपके चमकतात. किती होते, ते सांगायचं. मग मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल त्यांना गट देतात: हे जास्त मोजणारे, ते कमी मोजणारे. ही वाटणी खोटी होती. कोणालाही कुठेही टाकलं होतं.

आता एकेकट्यानं बसून दोन मुलांना पैसे वाटायचे. एक आपल्या गटातला, एक त्यांच्या. नावं माहीत नाहीत, स्वतःला दमडी मिळणार नाही. पुढच्या प्रयोगात गट चित्रांच्या आवडीच्या नावाखाली पाडले. वाटपासाठी पर्यायांचा तक्ता, त्यातल्या गुणांचे पैसे. एका टोकाला आपल्या गटातल्याला १९ गुण, त्यांच्यातल्याला २५. दुसऱ्या टोकाला आपल्यातल्याला ७, त्यांच्यातल्याला १. हिशेबानं पहिलं टोक दोघांच्याही फायद्याचं. मुलं मात्र दुसऱ्याकडे झुकत राहिली. आपल्याला कमी मिळालं तरी चालेल, पण ते पुढे जाता कामा नयेत!

१९७० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ताजफेल पोलंडमधले ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैनिक म्हणून ते जर्मनांच्या कैदेत होते. घरचे बहुतेक सगळे मारले गेले. माणूस परका कसा ठरतो, हा प्रश्न त्यांना ग्रंथालयात सापडला नव्हता.

ठिपक्यांच्या जागी पक्ष आला की काय होतं? २००३ मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेफ्री कोहेन यांचा अभ्यास आला. विद्यार्थ्यांपुढे गरिबांना मदत देणारी सरकारी योजना. काहींना सढळ, काहींना हात आखडलेली. ‘तुमच्या पक्षाचा पाठिंबा आहे’ एवढं कळलं, की उदारमतवाद्यांना आखडती योजनाही पटायची आणि परंपरावाद्यांना सढळ. ही लबाडी नव्हे. आपण मजकूर वाचूनच ठरवलं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. पक्षामागे वाहवत जातात ते इतर लोक! कट्टर समर्थकाशी वाद घालून घसा का बसतो, ते इथे कळतं.

पण वैर आपोआप पेटत नाही. १९५३ मध्ये मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी मुलांच्या शिबिरात दोन गट पाडले, कुरापतीही काढून पाहिल्या. मुलं भांडेनात, त्यांना संशय आला तो आयोजकांचाच. गट पडण्याआधीच त्यांची मैत्री झाली होती ना.

पुढच्या वर्षी ओक्लाहोमात शेरीफ यांनी चूक सुधारली. दोन्ही गट सुरुवातीपासून वेगळे ठेवले आणि ओळख होण्याआधीच स्पर्धेत समोरासमोर आणले. या वेळी एका गटानं दुसऱ्याचा झेंडा जाळला.