नाशिकच्या काळ्या दगडात इओसीनचं पान? थांबा जरा

नमस्कार मंडळी. कमेंटमध्ये सध्या एकाच तऱ्हेचे फोटो येतायत: दगडावर काळी, नेच्यासारखी नक्षी आणि खाली प्रश्न, "हे इओसीनचं पान आहे ना?"

इओसीन पटकन उरकतो. 5.6 ते 3.4 कोटी वर्षांपूर्वीचा काळ. सुरुवातीला इतकी उष्णता की उत्तर कॅनडातल्या एल्समीर बेटावर मगरींचे भाऊबंद राहायचे. शेवटी अंटार्क्टिकावर बर्फ साचू लागला. आपला भारत तेव्हा विषुववृत्ताजवळ होता.

आता फोटो. पांडवलेणी घ्या नाहीतर रामशेज, आपला काळा दगड म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. इओसीन सुरू व्हायच्या एक कोटी वर्षं आधीच थिजलेला. नंतरचं पान त्यात शिरणार कुठून?

वय पटत नाही? 10 पटीचं भिंग लावा. पानाला मधली शीर असते, तिला ठरावीक अंतरावर उपशिरा फुटतात, आणि पानाला कड असते. तुमच्या नक्षीत फाटे दगडाच्या भेगेपासून सुरू होऊन वाटेल तसे पसरलेत. भेगेत झिरपलेल्या पाण्यातलं मँगनीज तिथं साचलंय. याला डेंड्राइट म्हणतात.

तरीही शंका? एका कोपऱ्यात सुईनं खरवडा. काळी पूड निघेल, खाली कोरा दगड. पान नाही, नेचा नाही, शेवाळ तर नाहीच नाही!

"व्हिनेगर टाकलं, फसफसलं, म्हणजे चुनखडी आणि जीवाश्म!" अहो, लाव्हाच्या पोकळ्यांत पांढरं कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलंच खनिज, भरलेलं असतं, फसफसतं ते. थेंब नुसत्या काळ्या भागावर टाका, ढिम्म हलणार नाही.

खरं इओसीन हवंय तर गुजरातकडे बघा. सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत सालवृक्षाच्या कुळातल्या झाडांचं अंबर, म्हणजे दगडासारखा घट्ट झालेला चीक, मिळालं, आत किडे जसेच्या तसे; घोडे-गेंड्यांच्या नात्यातलं कॅम्बेथेरियमही तिथलंच. कच्छमध्ये न्युम्युलाइट्स, म्हणजे एकपेशीय समुद्री जीवांचे नाण्यासारखे चपटे शंख, आणि पानंध्रोच्या खाणीतला वासुकी साप, अंदाजे 11 ते 15 मीटर लांब.

नांदूर मध्यमेश्वरला गोदावरीच्या गाळात हत्तीचे जीवाश्म सापडलेत, पण ते हिमयुगाच्या काळातले, इओसीनच्या मानानं अगदी कालपरवाचे.

पुढचा फोटो पाठवताना दगडाशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा आणि जागा लिहा. "शेतात सापडला" हा पत्ता होत नाही.