अर्धा इंच ढील

(दृश्य: माटुंग्यातल्या इमारतीचं आवार. ताडपत्री काढलेली, १९६५ सालची फियाट ११०० डिलाईट. बॉनेट उघडं.)

पाऊस ओसरला की मुंबईतल्या जुन्या गाड्यांवरच्या ताडपत्र्या निघतात. चार महिने उभी असलेली गाडी स्टार्टर घेते, इंजिन धरतं आणि लगेच पुढून एक कर्कश किंचाळी येते. फॅन बेल्ट ओरडतो. त्यावर बहुतेक ठिकाणी एकच इलाज होतो. पाना लावायचा, डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) बाहेर ओढायचा, बेल्ट कसून टाकायचा. आवाज थांबतो, मालक खूश होतो आणि त्याच दिवसापासून डायनॅमोच्या बेअरिंगची झीज सुरू होते.

(दृश्य: बेल्टचा त्रिकोण जवळून. खाली क्रँकची मोठी पुली, मध्ये पंखा, बाजूला डायनॅमोची लहान पुली.)

या एका पट्ट्यावर तीन कामं आहेत: पंखा, वॉटर पंप आणि डायनॅमो. डायनॅमो पूर्ण भारावर असताना एकटाच साधारण अर्धा हॉर्सपॉवर खातो. त्याची पुली सगळ्यात लहान, म्हणून तिला बेल्टचा विळखाही सगळ्यात कमी. ढिला बेल्ट आधी तिथेच घसरतो. घसरला की गरम होतो, त्याच्या कडा काचेसारख्या चकचकीत होतात, आणि चकचकीत कडा आणखी घसरतात. बॅटरी उतरते, रेडिएटर तापतो.

उलट बेल्ट फार कसला, तर तो वॉटर पंप आणि डायनॅमो या दोघांच्याही बेअरिंगांना सतत एका बाजूला ओढत राहतो. वॉटर पंपाचा शाफ्ट किंचित खेळायला लागला की सील गळतं. लँडमास्टर आणि जुन्या अँबॅसॅडरच्या ल्युकस डायनॅमोत पुढे बॉल बेअरिंग असतं, पण मागे ब्राँझचा साधा बुश. तो अंडाकृती झिजला की आत फिरणारं आर्मेचर भोवतीच्या पोल-शूजना, म्हणजे चुंबकाच्या स्थिर तुकड्यांना, घासतं. मग रिवाइंडिंगवाल्याकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही. ढिला बेल्ट निदान ओरडून सांगतो. कसलेला बेल्ट काहीच सांगत नाही. म्हणूनच आम्हाला कसलेल्या बेल्टची जास्त धास्ती वाटते.

(दृश्य: हात बॅटरीची केबल सोडवतात.)

किल्ली काढा. बॅटरीची जी केबल बॉडीला जाते, ती सोडवा. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत ती पॉझिटिव्ह असते, तेव्हा केबलचा रंग पाहून ठरवू नका, ती कुठे जोडली आहे ते पाहा. इंजिन थंड हवं.

पान्याला हात लावण्याआधी बेल्ट उलटा करून पाहा. वळवा आणि आतली बाजू बघा.

(दृश्य: बोटांमध्ये पिळलेला बेल्ट. आतल्या बाजूला आडव्या चिरा, एका कडेला सुटलेले दोरे.)

अशा चिरा, असे दोरे दिसले तर ताण जुळवण्यात अर्थ नाही, बेल्ट बदला. इंजिन ऑइल लागून रबर फुगलं असेल तरीही बदला, आणि त्याआधी गळती शोधा. बेल्टवर मारायचा स्प्रे मिळतो, साबणही चोळला जातो, दोन्ही नकोत. आवाज दोन दिवस दबतो, कारण तसंच राहतं.

आता पुली. हा व्ही-बेल्ट, म्हणजे इंग्रजी V सारख्या कापाचा पट्टा, कडांनी धरतो, तळानं नाही. त्याची वरची बाजू पुलीच्या काठाशी जवळजवळ सपाट दिसली पाहिजे. बेल्ट खोल बसला असेल आणि खोबणीचा तळ आरशासारखा चमकत असेल, तर बेल्ट तळाला टेकतोय. असा बेल्ट कितीही कसा, घसरणारच. कारण एकतर पुली झिजली आहे, नाहीतर बेल्ट चुकीच्या मापाचा आहे. घाईत कुणी गिरणी-मोटारीचा ए सेक्शनचा पट्टा बसवून देतो. तो वरून १३ मिलिमीटर रुंद असतो. १० मिलिमीटरच्या पुलीत तो काठावरच अडकून राहतो आणि लांबी जुळली तरी बसत नाही.

मुंबईत आणखी एक भानगड असते. खाऱ्या, दमट हवेत उभ्या गाडीच्या खोबणीला गंज चढतो, आणि पुली फिरायला लागली की तो गंज पॉलिश पेपरसारखा बेल्ट घासतो. ३२० नंबरचा पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून कडा साफ करा, कोरड्या फडक्यानं पुसा. चार महिने एकाच जागी वाकून राहिलेल्या बेल्टला पुलीच्या वळणाचा आकारही लागलेला असतो. २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज गाड्यांच्या व्हीए मालिकेत नोंदलेली पन्नास वर्षांपुढची गाडी रोजच्या वापरासाठी नसते, त्यामुळे हे दुखणं आता वाढणार.

आणि पावसात, दादरच्या हिंदमाताला साचलेल्या पाण्यातून बाहेर पडल्यावर दोन-चार सेकंद बेल्ट ओरडला आणि गप्प झाला, तर पाना काढू नका. बेल्ट ओला होता, ढिला नव्हता.

(दृश्य: अंगठा बेल्टवर, शेजारी स्टीलची पट्टी.)

ताण मोजायचा तो सगळ्यात लांब मोकळ्या बाजूच्या मधोमध. अंगठ्यानं नेट लावून दाबा, अंगाचा भार टाकू नका. बेल्ट साधारण अर्धा इंच, म्हणजे १२-१३ मिलिमीटर दबला पाहिजे. गाडीचं मॅन्युअल हाताशी असेल तर त्यातला आकडा धरा. अंदाजावर जाऊ नका: दोन पुल्यांच्या काठांवर सरळ पट्टी ठेवा आणि तिच्यापासून बेल्ट किती खाली जातो ते मोजा. दुसरी खूण अशी: डायनॅमोची पुली बोटांनी फिरवून बघा. ती बेल्टखाली सहज सरकली तर बेल्ट ढिला आहे.

(दृश्य: पाना खाचेच्या पट्टीवरच्या बोल्टवर.)

डायनॅमो दोन बिजागरी बोल्टांवर झुलतो आणि लांबट खाच असलेल्या एका पट्टीनं जागी धरला जातो. पट्टीचा बोल्ट, पट्टीचं इंजिनाकडचं टोक आणि दोन्ही बिजागरी बोल्ट असे चारही ढिले करा. फक्त खाचेतला बोल्ट ढिला करून डायनॅमो ओढला, तर बिजागरी बोल्ट ज्यातून जातात ते कान वाकतात, कधी तडकतात. फियाटला मिलिमीटरचे पाने, अँबॅसॅडरला इंची. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर १३ नंबरचा पाना चालतो असं वाटतं आणि बोल्टाचं डोकं गोल होतं.

डायनॅमो शक्यतो हातानंच ओढा. हात पुरला नाही, तर लाकडी दांडा पुलीकडच्या जाड ब्रॅकेटला टेकवून हलका जोर द्या. मधल्या नळकांड्यावर किंवा मागच्या झाकणावर पहार कधीच नको. ओढून धरलेल्या हाताखाली आधी खाचेतला बोल्ट कसा, मग पट्टीचं दुसरं टोक, मग बिजागरी बोल्ट. पुन्हा अंगठा, पुन्हा मोजायची पट्टी. बोल्ट कसताना ताण थोडा बदलतोच.

एक लांब सरळ पट्टी क्रँकच्या आणि डायनॅमोच्या पुलीला समोरून टेकवून पाहा. रेषा तिरकी असेल तर बिजागरीतल्या वॉशरची जागा बदला. तिरका बेल्ट एकाच कडेनं झिजतो.

नवा बेल्ट चढवताना डायनॅमो इंजिनाकडे पूर्ण ढकला. आधी क्रँक, मग पंखा, शेवटी डायनॅमो. स्क्रू ड्रायव्हरनं पुलीवरून ओढून चढवला, तर आतले दोरे तुटतात आणि पत्र्याची पुली वाकते.

ल्युकस डायनॅमोच्या मागच्या झाकणात मधोमध बारीक भोक असतं. दर सर्व्हिसिंगला त्यात इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब. जास्त घातलं तर ते कम्यूटेटरवर, म्हणजे ब्रश जिथे घासतात त्या तांब्याच्या भागावर, जाऊन ब्रश चिकट करतं.

(दृश्य: बॅटरीवर मल्टीमीटर. संध्याकाळ, हेडलाईट चालू.)

केबल जोडा, इंजिन सुरू करा, वेग वाढवा. बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट दिसले पाहिजेत. आता हेडलाईट लावा. बेल्ट ओरडला आणि व्होल्ट घसरले, तर ताण अजून कमी आहे. बेल्ट गप्प असून व्होल्ट कमी असतील, तर ब्रश किंवा व्होल्टेज सांभाळणाऱ्या रेग्युलेटरकडे पाहा. बेल्टला आणखी कसू नका. सिग्नलला, इंजिन मंद असताना डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणला तर तो डायनॅमोचा स्वभाव आहे, त्या वेगात तो चार्ज करत नाही. पण धावत्या गाडीत दिवा भक्कन लागला, तर ताबडतोब बाजूला घेऊन इंजिन बंद करा. बेल्ट तुटला असेल तर वॉटर पंपही थांबलेला आहे.

नवा बेल्ट पहिल्या दीडशे-दोनशे किलोमीटरमध्ये सैल होतो. तेवढं अंतर झालं की थंड इंजिनावर पुन्हा मोजा. आणि काढलेला जुना बेल्ट न तुटलेला, न चिरलेला असेल तर पुसून, कागदात गुंडाळून डिकीत ठेवा, सोबत त्या चार बोल्टांना लागणारे पाने.