रक्ताच्या पिशवीतले लोह

तांबड्या पेशींची पिशवी थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी लागते, कारण जनुकातील दोषामुळे त्याच्या शरीरात पुरेसे हिमोग्लोबिन तयारच होत नाही. अशा एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असते. शरीरातून मात्र दिवसाकाठी जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह बाहेर पडते, आणि जादा लोह काढून टाकण्याची कोणतीही सोय निसर्गाने ठेवलेली नाही. मोठ्या वयाच्या रुग्णाला तीन आठवड्यांनी दोन पिशव्या लागत असतील, तर वर्षभरात सात ग्रॅमच्या आसपास लोह आत शिरते. निरोगी प्रौढाच्या अंगात सगळे मिळून ते तीन-चार ग्रॅमच असते.

हे लोह आधी यकृतात साठते, पुढे अंतःस्रावी ग्रंथींत, स्वादुपिंडात आणि हृदयात. म्हणून कुणाची उंची खुंटते, कुणी वयात उशिरा येते, कुणाला मधुमेह जडतो. हृदयाची हानी मात्र बराच काळ लक्षातच येत नाही.

यावरचा उपाय म्हणजे चिलेशन. ‘चेले’ म्हणजे ग्रीक भाषेत खेकड्याची नांगी. औषधाचा रेणू लोहाला तसा पकडतो आणि लघवीवाटे किंवा शौचावाटे बाहेर नेतो. त्यातले पहिले प्रभावी औषध डेफेरोक्सामिन, मातीतल्या एका जिवाणूपासून मिळवलेले. ते पोटात घेता येत नाही. त्वचेखाली सुई टोचून, छोट्या पंपाने, आठ ते बारा तास, आठवड्यातून पाच-सहा रात्री द्यावे लागते. औषध चालू झाल्यावर लघवी तांबूस होते. घरच्यांनी ते पाहून घाबरू नये.

महागडे इंजेक्शन आणि रोजची सुई अनेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर असल्याने डेफेरिप्रोन या गोळीचे महत्त्व भारतात लवकर ओळखले गेले, आणि १९९४ मध्ये तिला येथे परवानगी मिळाली. ही गोळी दिवसातून तीनदा घ्यावी लागते. तिच्यामुळे क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक प्रमाणात घटतात, त्यामुळे ताप आला की गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासणे अत्यावश्यक ठरते. त्यानंतर आलेले डेफेरासिरॉक्स दिवसातून एकदाच घ्यावे लागते, पण त्यासाठी मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या नियमित कराव्या लागतात.

गोळ्यांनी सुया कमी केल्या, हे खरेच. मात्र पंप लावलेला नाही हे आईला दिसते. पौगंडावस्थेतल्या मुलाने गोळी चुकवली, हे दिसत नाही. ते कळते फेरिटिनच्या, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा सुचवणाऱ्या रक्तातील प्रथिनाच्या, अहवालातून, आणि तोही पुरेसा नसतो, कारण साध्या जंतुसंसर्गानेही फेरिटिन वाढते आणि ते समाधानकारक असतानाही हृदयात लोह साठलेले असू शकते. त्यासाठी टी-टू-स्टार नावाची एमआरआय तपासणी करतात. तिचा आकडा २० मिलिसेकंदांच्या खाली गेला की हृदयात लोह आहे असे समजतात, आणि १० च्या खाली गेल्यास धोका गंभीर असतो. अशा वेळी पंप आणि गोळी दोन्ही एकत्र देतात. यकृतातले लोह काही महिन्यांत उतरू लागते. हृदयातले उतरायला वर्षे लागतात.