डार्विनचे परस आणि न मोजलेले मांजर

मित्रहो, डार्विनचे नाव निघाले की आपल्याला गॅलापागोसची बेटे आणि तिथली महाकाय कासवे आठवतात. त्या बेटांवर डार्विन १८३५ साली जेमतेम पाच आठवडे होते. त्यानंतरच्या आयुष्यातली तब्बल चाळीस वर्षे, म्हणजे सप्टेंबर १८४२ पासून एप्रिल १८८२ मध्ये देह ठेवीपर्यंत, त्यांनी लंडनजवळच्या केंट परगण्यातील डाउन या खेड्यात, एका मोठ्या पण फारशा देखण्या नसलेल्या घरात काढली. मला आज बोलायचे आहे ते या घराच्या परसाबद्दल. उत्क्रांतीच्या सिद्धान्तासाठी जो पुरावा गोळा झाला, त्यातला बराचसा जहाजावर नव्हे, तर भाजीच्या वाफ्यात, गवतात आणि कुंड्यांत गोळा झाला, असे माझे मत आहे.

घराचा दिनक्रम घड्याळाला बांधलेला होता. सकाळी न्याहारीपूर्वी एक छोटी फेरी, आठ ते साडेनऊ काम, मग पत्रे, पुन्हा दुपारी बारापर्यंत काम. बाराच्या सुमारास काचगृहात डोकावून ते ‘सँडवॉक’ नावाच्या पायवाटेवर चालायला जात. शेजारचे जमीनदार सर जॉन लबक यांच्याकडून १८४६ मध्ये भाड्याने घेतलेल्या पट्ट्यावर ही वाट त्यांनी मुद्दाम आखून घेतली होती. प्रकृती कायम तोळामासा असल्यामुळे यापेक्षा अधिक काम त्यांना झेपत नसे. रात्री पत्नी एमाबरोबर बॅकगॅमनचे दोन डाव होत, आणि १८७६ मध्ये अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात डार्विन कळवतात की एमाने २,४९० डाव जिंकले असून आपण २,७९५ जिंकले आहेत. घरातल्या खेळाचाही असा हिशेब ठेवणारा माणूस परसात गेल्यावर काय करीत असेल, याची कल्पना यावरून येईल.

त्यांनी परसातल्या जमिनीचा तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद असा एक तुकडा खणून मोकळा करून घेतला. त्यात काहीही पेरले नाही. आपोआप उगवणाऱ्या तणाच्या प्रत्येक रोपावर ते उगवल्या दिवशी खूण करायची आणि पुढे त्याचे काय होते ते पाहायचे, एवढाच प्रयोग. तुकडा इतका लहान की एका माणसाला त्यात नीट आडवेही होता येणार नाही. १८५७ च्या मार्च, एप्रिल आणि मे महिन्यांत त्यात ३५७ रोपे उगवली. त्या उन्हाळ्यात आपले मित्र जोसेफ हुकर यांना पत्र लिहीपर्यंत त्यांतली २७७ मेली होती. उत्क्रांतीवरचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ १८५९ मध्ये छापला गेला तेव्हा हा आकडा २९५ वर गेलेला दिसतो. मारेकरी होते मुख्यत्वे गोगलगायींच्या जातीचे बिनशंखाचे प्राणी आणि किडे. ‘जीवनसंघर्ष’ हा शब्द आपण आज इतक्या सैलपणे वापरतो की त्यामागे असा एक वाफा, अशा खुणा आणि दररोज वाकून पाहणारा एक आजारी गृहस्थ होता, हे विसरायला होते. लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते असे सांगणाऱ्या माल्थसच्या निबंधाने डार्विनना या संघर्षाची कल्पना दिली हे खरेच, पण तिचे वजन किती आहे ते त्यांना या तणाने दाखवले.

या कामात घरातली मुलेही ओढली जात. बम्बलबी या केसाळ माशीचे नर ठरावीक वाटांनी उडतात आणि वाटेतल्या ठरावीक जागी थबकून गुणगुणतात, हे लक्षात आल्यावर डार्विननी पाच-सहा मुलांना एकेका जागी उभे केले आणि माशी आली की ओरडून सांगायला लावले. ओळख पटावी म्हणून माशांवर पीठही भुरभुरले. म्हातारपणी गांडुळांचा अभ्यास चालू असताना त्यांनी अभ्यासिकेत गांडुळांच्या कुंड्या आणून ठेवल्या. गांडुळांना ऐकू येते का हे पाहण्यासाठी मुलगा फ्रान्सिसने ‘बासून’ नावाचे वाद्य फुंकले, पियानो जोरात वाजवला गेला, शिट्टी वाजवून झाली, गांडुळे ढिम्म. मात्र कुंड्या पियानोवरच ठेवून खालच्या सप्तकातला एक स्वर वाजवताच ती झटकन बिळात शिरली. कंपने त्यांना कळत होती, आवाज नव्हे. ज्या शेतात १८४२ मध्ये खडूचा चुरा पसरला होता, तिथे २९ वर्षांनी, १८७१ मध्ये चर खणला, तेव्हा खडूचा पांढरा थर सात इंच खाली सापडला. ही माती गांडुळांनी वर आणून टाकलेली होती. एका साध्या प्रश्नाच्या उत्तरासाठी २९ वर्षे थांबण्याची तयारी आजच्या कुठल्या संशोधन-अनुदानाच्या अर्जात बसेल, मला ठाऊक नाही.

आता मांजराकडे येतो, कारण डार्विनच्या परसातले सर्वांत प्रसिद्ध पात्र तेच आहे. १८५९ च्या ग्रंथातल्या तिसऱ्या प्रकरणातला हा दाखला पाठ्यपुस्तकांतून आपल्यापर्यंत पोहोचला आहे. लाल क्लोव्हर ही आपल्या लसूणघासाच्या कुळातली चाऱ्याची वनस्पती. तिच्या फुलाची नळी लांब असते, त्यामुळे तळाशी असलेल्या मधापर्यंत लांब जिभेच्या बम्बलबीच सहज पोहोचतात. ही माशी लाकूड पोखरणाऱ्या आपल्या काळ्या भुंग्यासारखी नव्हे. ती केसाळ असते आणि बहुधा जमिनीतल्या उंदरांच्या सोडलेल्या बिळात घर करते. उंदीर तिची पोळी आणि पिल्ले फस्त करतात, मांजर उंदरांना खाते. तेव्हा ज्या गावात मांजरे फार, तिथे उंदीर कमी, माश्या जास्त आणि क्लोव्हरची फुले जास्त.

या साखळीची पहिली कडी डार्विननी स्वतः तपासली होती. लाल क्लोव्हरची शंभर बोंडे मोकळी ठेवली तेव्हा २,७०० बिया मिळाल्या. तेवढीच बोंडे माश्यांपासून झाकून ठेवली तेव्हा एकही बी धरले नाही. हे आकडे ग्रंथाच्या नंतरच्या आवृत्त्यांत आहेत. मांजराची कडी मात्र ऐकीव आहे. बम्बलबींच्या सवयींचा दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्या न्यूमन नावाच्या गृहस्थांनी म्हटले होते की गावांजवळ आणि लहान शहरांजवळ या माश्यांची घरटी अधिक आढळतात आणि त्याचे श्रेय ते उंदीर मारणाऱ्या मांजरांना देतात. दोनतृतीयांशांहून अधिक घरटी उंदीर नष्ट करतात, हाही त्यांचाच अंदाज. कुठल्या गावात किती मांजरे होती, त्या गावाभोवती किती घरटी होती, हे मोजलेले नाही. डार्विन स्वतः इतकेच म्हणतात की असे घडत असणे सर्वस्वी विश्वासार्ह वाटते. हा सावधपणा पुढे सांगणाऱ्यांनी गाळून टाकला आणि विनोदाने साखळी दोन्हीकडे लांबवत नेली. मोजलेली कडी कुणाला आठवत नाही, न मोजलेली सर्वांना पाठ आहे, हे मला या कथेतले सर्वांत मजेशीर वाटते.

मांजरांकडे त्यांचे लक्ष नव्हते, असे मात्र कुणी समजू नये. भावनांच्या अभिव्यक्तीवरील १८७२ च्या पुस्तकात मऊ शालीवर ऐसपैस बसलेले मांजर पुढचे पाय आळीपाळीने दाबत शाल कशी मळते, याचे बारकाईने वर्णन आहे, आणि दूध पिताना आईच्या आचळांभोवती दाबण्याच्या सवयीचा हा अवशेष असावा, असा त्याचा उलगडाही. चुलीपुढचे मांजर त्यांनी पाहिले. शेतातल्या मांजरांची शिरगणती केली नाही.

क्लोव्हर आणि माशी यांच्या नात्याची मोठी परीक्षा डार्विनच्या मृत्यूनंतर न्यूझीलंडमध्ये झाली. वसाहतवाल्यांनी तिथे लाल क्लोव्हर लावला होता. मांजरे आणि उंदीरही त्यांच्याबरोबर जहाजांतून केव्हाच पोहोचले होते. पण बम्बलबी त्या देशात मुळातच नव्हत्या आणि क्लोव्हरला बी फारच कमी धरत असे. १८८५ मध्ये इंग्लंडहून राणीमाश्या आणून सोडल्या आणि चित्र बदलले. तिथे अखेर चार जाती रुजल्या. त्यांतली एक जात पुढे खुद्द इंग्लंडातून नाहीशी झाली. ती शेवटची दिसली १९८८ मध्ये, केंटमधल्याच डंजनेस इथे, आणि न्यूझीलंडमध्ये मात्र तिची वसाहत टिकून राहिली होती. इंग्लंडातल्या तिच्या ऱ्हासाचा दोष ना उंदरांवर ठेवण्यात आला, ना मांजरांच्या अभावावर: शेती बदलली, फुलांची जुनी कुरणे नांगरली गेली आणि तिच्या खाण्याचे वांधे झाले.