भूत दिसतं का?

[काळोख. पंख्याची करकर. मोबाइलच्या उजेडात अर्धा चेहरा.]

"घरातलं भूत हवंय. रक्ताचे सडे नकोत. दर दोन मिनिटांनी दचकवणारा नको. काय बघू?"

भयपटांचं वेड असलेली चार माणसं जमली, की रात्री अकरानंतर हा प्रश्न येतोच. उत्तर मात्र लगेच मिळत नाही, आधी उलटतपासणी होते. एकटा बघणार की कुणासोबत? घरी की हॉस्टेलवर? आणि मग मुख्य मुद्दा: "भूत दिसायला हवंय का?"

या एका उत्तरावरून समोरच्याची कुंडली मांडली जाते.

[मुरुड. समुद्राकडे तोंड करून उभा असलेला राजवाडा.]

"हवंय" म्हणणाऱ्याची रवानगी थेट रामसे बंधूंकडे. सात भाऊ. कुणी दिग्दर्शन करायचं, कुणी कॅमेरा धरायचा, कुणी ध्वनी बघायचा, कुणी संकलन. १९७२ च्या 'दो गज ज़मीन के नीचे'साठी हे अख्खं बिऱ्हाड महाबळेश्वरला जाऊन राहिलं होतं. त्यांच्या भुताला आडपडदा ठाऊक नाही. ते येतं ते दात विचकत, चेहऱ्यावरच्या चिखलासकट, आणि कॅमेऱ्याच्या अगदी तोंडाशी येतं. 'पुरानी हवेली'मधली (१९८९) हवेली म्हणजे मुरुडचा जंजिऱ्याच्या नवाबाचा राजवाडा. त्यामुळे हा सिनेमा सुचवणारा सोबत सहलही सुचवतो: "मुरुडला गेलास की गाडी थांबव. आत सोडत नाहीत, बाहेरूनच बघ."

खरं सांगायचं तर मला रामसेंच्या भुताची भीती कधी वाटली नाही. माया वाटते.

[बंद दार. पितळी मूठ.]

"नको" म्हणणाऱ्याला मिळतो १९६३ चा 'द हाँटिंग'. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज. हाच माणूस दोन वर्षांनी 'द साउंड ऑफ म्युझिक'सारखा गाण्यांचा सिनेमा करणार होता, हे कळलं की ऐकणारा हमखास विचारतो, "तोच?" तोच. कृष्णधवल सिनेमा, मोठ्ठं घर, आणि भूत एकदाही दिसत नाही. दोघी बायका एका खोलीत एकमेकींना बिलगून बसल्यात. बाहेरच्या बोळातून धाडधाड आवाज येतोय, जवळ येतोय, दाराशी येऊन थांबतो. पुढे एका प्रसंगात तर बंद दाराचं लाकूडच आतल्या बाजूला फुगायला लागतं. बस, एवढंच. पाहणाऱ्याची बोबडी वळते.

याच गोष्टीवर १९९९ मध्ये पुन्हा सिनेमा निघाला. त्यात कॉम्प्युटरच्या करामतीनं सगळं दाखवलं. म्हणून शिफारस करणारा बजावून सांगतो: "त्रेसष्टचा बघ, नव्याण्णवचा नको." चुकून दुसराच बघून आलेल्याची महिनाभर टिंगल होते.

[ग्रामोफोन. सुई तबकडीवर टेकते.]

पण आवाजानं भुताचं घर उभं करायला हॉलिवूडच लागतं असं कुठे आहे? आपल्याकडे त्याआधी चौदा वर्षं 'महल' आला होता. १९४९. बॉम्बे टॉकीज, दिग्दर्शक म्हणून कमाल अमरोही यांचा पहिला सिनेमा, अशोककुमार आणि मधुबाला. ओस पडलेला महाल, नवा मालक, आणि कुठून येतंय ते कळू नये असं गाणं.

'आएगा आनेवाला'. संगीत खेमचंद प्रकाश यांचं. गाणारी मुलगी एकोणीस-वीस वर्षांची. आवाज दुरून येतोय असं वाटायला हवं होतं, आणि आज ज्या गोष्टीसाठी एक बटण दाबतात तिच्यासाठी तेव्हा काहीच सोय नव्हती. मग त्या मुलीला मायक्रोफोनपासून लांब उभं केलं. गात गात पावलापावलानं पुढे यायचं, आणि शब्द नेमक्या जागी येईल तेव्हा मायक्रोफोनपाशी पोचायचं. लताबाईंनी हा किस्सा पुढे अनेकदा सांगितला. त्या गाण्याच्या तबकडीवर त्यांचं नाव नव्हतं. गायिका म्हणून छापलं होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं नाव. लोक रेडिओला विचारत राहिले, हा आवाज कुणाचा?

भुताच्या सिनेमातलं गाणं, आणि त्याची गायिकाच काही काळ अदृश्य. अशी गोष्ट कुणी मुद्दाम लिहिली असती, तर "जरा अतीच झालं" म्हटलं असतं.

म्हणून 'महल' सुचवताना जाणकार फक्त एक अट घालतो. "हेडफोन लाव." शेवटाबद्दल अवाक्षर काढत नाही. तसा नियमच आहे. निकोल किडमनच्या 'द अदर्स'बद्दल (२००१) बोलताना माणसं पहिल्या वाक्यानंतर ओठ घट्ट मिटतात, ते याचसाठी.

[उंच इमारत. लिफ्टचे आकडे चढत जातात.]

वाडा, हवेली, महाल काहीच नको असेल तर राम गोपाल वर्मांचा 'भूत' (२००३). मुंबईतला उंचावरचा फ्लॅट, नवरा-बायको, वॉचमन, लिफ्ट. सिनेमात एकही गाणं नाही. तो पाहिल्यावर जिन्यानं ये-जा करणारे लोक मला माहीत आहेत. त्यातला एक आठव्या मजल्यावर राहायचा.

मल्याळम सिनेमा बघणाऱ्यांचा मात्र वेगळा सूर. 'भूल भुलैया' सुचवलात की ते कपाळाला हात लावतात: "अरे, आधी मूळ 'मणिचित्रत्ताळ' बघ, १९९३ चा." मग तो भुताचा सिनेमा आहे की नाही, यावरून पहाटेपर्यंत वाद.

[सासवड. पाऊस. जुन्या वाड्याची भिंत.]

आणि मराठी? कुणीतरी 'लपाछपी'तलं उसानं वेढलेलं घर काढतं. उसाच्या फडात वाट चुकणं काय असतं हे ज्याला माहीत आहे, त्याला वेगळं भूत लागत नाही. मग 'तुंबाड' येतो, राही अनिल बर्वे यांचा. भाषा हिंदी, पण वाडा आपला, सासवडचा. २०१८ मध्ये आला तेव्हा थिएटरात फार गर्दी झाली नाही. पुढची सहा वर्षं लोक तो एकमेकांना सांगत राहिले: पावसात बघ, रात्री बघ, मोठ्या पडद्यावर मिळाला तर सोडू नकोस. १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा थिएटरात लागला, आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला.

[पुन्हा तीच खोली. सकाळ.]

सुरुवातीच्या त्या प्रश्नाला शेवटी 'त्रेसष्टचा' हे उत्तर मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला.

"पाहिला. माळ्यावर उंदीर आहेत, असं आई म्हणतेय. पुढचा सांग."