अलिबागचा गोरा, बीरशेबाचा काळा

श्रोतेहो, नमस्कार.

माझं बालपण अलिबागच्या इस्राएल आळीत गेलं. आळीच्या तोंडाशी आमचं भाड्याचं घर आणि पलीकडे, मधे फक्त एक पारिजातक सोडून, एका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी, आजींचं घर. नऊवारी लुगडं, हातात काकणं, बोलणं अस्सल अलिबागी. त्यांच्या दाराच्या उजव्या चौकटीवर बोटाएवढी एक नळी तिरपी ठोकलेली होती. आत-बाहेर करताना आजींचा हात आपसूक त्या नळीकडे जायचा आणि तिथून ओठांकडे. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत त्यांचा सगळा स्वयंपाक उरकलेला असायचा. शनिवारी त्यांच्याकडे विस्तव मागायला जायचं नाही, एवढं आम्हां पोरांना पक्कं ठाऊक होतं. आळीतल्या सिनेगॉगला, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनास्थळाला, सगळं गाव 'इस्राएलांची मशीद' म्हणायचं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

आम्ही वाट बघायचो ती मालिद्याची. नवस फेडायचा असला, घरात लग्न ठरलं किंवा कुणी परगावी निघालं, की त्यांच्याकडे मालिदा व्हायचा. पोहे धुऊन निथळत ठेवायचे, त्यात खवलेलं ओलं खोबरं, साखर आणि वेलची घालून हलक्या हातानं कालवायचे. मोठ्या ताटात त्याची रास रचायची आणि भोवती केळी, खजूर, आणखी हाताला येतील ती फळं मांडायची. मग पुरुष मंडळी एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं हिब्रूत प्रार्थना म्हणायची. शब्द कळायचे नाहीत, पण संपत आली की चालीवरून आम्हांला कळायचं, आणि आम्ही पुढे सरकायचो. त्या पोह्यांची चव अजून जिभेवर आहे.

आज मला तुमच्याशी वंशाबद्दल बोलायचं आहे, आणि ते मी या आळीपासूनच सुरू करणार आहे. मी पुढे बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. वंश म्हणजे काय ते मला पुस्तकातून फारसं उमगलं नव्हतं. ते आजींच्या ओटीवर उमगलं.

बेने इस्राएल लोकांची परंपरा अशी सांगते, की फार पूर्वी, दोन हजार वर्षांमागे म्हणा, त्यांच्या पूर्वजांचं गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांना नवगावात पुरलं, आणि ती जागा आजही दाखवतात. वाचलेले इथेच राहिले. पोथ्या समुद्रात गेल्या होत्या. 'शेमा' ही एक प्रार्थना, मुलांची सुंता, शनिवारचा विसावा आणि खाण्यापिण्याचे काही नियम एवढं त्यांनी जपलं. पोटासाठी तेलाचा घाणा घातला. शनिवारी घाण्याला बैल जुंपत नाहीत म्हणून गावानं त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. आडनावं गावांवरून पडली. पेणचे ते पेणकर, किहीमचे केहिमकर, नवगावचे नवगावकर.

पुढे दावीद राहबी नावाचा एक विद्वान परदेशी यहुदी इकडे आला आणि या लोकांची खूण त्याला पटली, ती माशांवरून, असंही परंपरा सांगते. त्यानं बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले. त्यांनी ज्याला खवलं आणि पर आहेत तेवढेच उचलले, बाकीचे बाजूला सारले. आमच्या आजीसुद्धा कोळीण आली की मुशी आणि शिंगाळ्याकडे बघायच्या नाहीत. कोळंबीचा तर प्रश्नच नव्हता.

आता या लोकांना कुणी कुणी काय म्हटलं ते बघा. गावच्या उतरंडीत प्रत्येकाला एक पायरी लागते. हे तेल काढतात ना, मग हे तेली. झालं, पायरी मिळाली. इंग्रज आले आणि त्यांच्या कागदोपत्री हे 'नेटिव्ह ज्यू' झाले. कंपनीच्या पलटणीत अनेक जण शिरले. त्यांतल्या समाजी हसाजी दिवेकर यांनी 1796 साली मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. सॅम्युएलचा समाजी झाला होता तो या मातीत. मग मुंबईत बगदादी यहुदी आले. ते सधन होते, व्यापारी होते. सुरुवातीला दोघांची प्रार्थना आणि दफनभूमी एकच होती. पण 1836 साली बगदाद्यांनी सरकारकडे अर्ज केला, की दफनभूमीत मधे भिंत घालून द्यावी. धर्म एक, प्रार्थना एक, आणि मेल्यानंतर मधे भिंत हवी. बेने इस्राएलांचं रक्त शुद्ध नाही, अशी शंका त्यामागे होती.

हे ऐकून वाईट वाटतं. पण पुढचं सांगितल्याशिवाय गोष्ट खरी होणार नाही. खुद्द बेने इस्राएलांतही दोन थर होते, 'गोरे इस्राएल' आणि 'काळे इस्राएल'. ज्यांचे आई-बाप दोन्हीकडून इस्राएल, ते गोरे. ज्यांच्या घराण्यात कधीतरी बाहेरची बाई आली असं मानलं जाई, ते काळे. दोघांत रोटीव्यवहार नव्हता, बेटीव्यवहार तर नव्हताच. आणि कातडीच्या रंगाशी याचा काडीचाही संबंध नव्हता! आमच्या आजी चांगल्या सावळ्या होत्या आणि त्यांचं घराणं 'गोरं' होतं. आळीच्या टोकाला एक बाई होत्या, उजळ, घाऱ्या डोळ्यांच्या. त्या 'काळ्यां'तल्या. लहानपणी हे ऐकून मी चक्रावून गेले होते. मी आजींना विचारलं, "आजी, तुम्ही गोऱ्या कशा?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बाय गं, तसं म्हणतात."

तसं म्हणतात. श्रोतेहो, मला वाटतं वंश या गोष्टीची याहून नेमकी व्याख्या मी पुढे कुठे वाचली नाही.

इस्राएलचं राज्य 1948 साली झालं आणि आळीतली घरं हळूहळू रिकामी होऊ लागली. आजींचे धाकटे भाऊ पहिल्या काही वर्षांतच गेले. वाळवंटाच्या कडेला बीरशेबा नावाचं गाव आहे, तिथे त्यांना घर आणि काम मिळालं. तिथून परतल्यावर ते ओटीवर बसून जे सांगत, ते मी आजींच्या तोंडून पुष्कळदा ऐकलं. तिथे युरोपातून आलेली मंडळी होती, आणि त्यांच्या लेखी हे काळे होते. कामं हलकी मिळत. पावाच्या दुकानातही पांढरा पाव गोऱ्यांना आणि काळा पाव यांना, अशी यांची तक्रार होती. ही काही एकट्या त्यांची कहाणी नव्हती. 1951 साली बीरशेबाच्या बेने इस्राएलांनी तेल अवीवला जाऊन धरणं धरलं, आम्हांला हिंदुस्थानात परत पाठवा म्हणून. 1952 मध्ये काही कुटुंबं खरोखर परतली. ज्या भूमीसाठी शतकानुशतकं प्रार्थना केली, तिथून परत यायला धरणं धरावं लागलं!

म्हणजे अलिबागेत 'गोऱ्या' घराण्यातला माणूस बोटीत बसला आणि उतरला तो 'काळा' होऊन. वाटेत त्याची कातडी बदलली नव्हती. बदलले होते ते नाव ठेवणारे.

पुढचा घाव जास्त खोल होता. 1962 साली तिथल्या मुख्य धर्मपीठानं फर्मान काढलं, की बेने इस्राएल माणसाचं इतर यहुद्याशी लग्न लावायचं तर आधी त्याच्या पूर्वजांची चौकशी करा, मागे जाता येईल तितकं मागे जाऊन. तुमची आजी कोण, पणजी कोण, त्यांच्यात बाहेरचं कुणी होतं का? ज्यांच्या पोथ्याच समुद्रात गेल्या, त्यांनी पणजीचा दाखला आणायचा कुठून? लग्नं अडली. लोक चिडले, जेरुसलेमला जाऊन बसले, उपोषणं झाली. 1964 साली सरकारला मधे पडावं लागलं आणि फर्मानातून बेने इस्राएल हे नाव निघालं.

आता कुणी म्हणेल, अहो, शास्त्रानं एकदा तपासून टाकावं ना. तपासलंही आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात बेने इस्राएलांत यहुदी पूर्वजांचा अंश आहे आणि इथल्या लोकांचाही मोठा अंश आहे, असं दिसलं. छान झालं. पण मला सांगा, तो अंश सापडला नसता तर पांढरा पाव नाकारणं योग्य ठरलं असतं का?

मोजमापाचं हे वेड आपल्याकडे इंग्रजांनी आणलं. 1901च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले. त्यांनी माणसांची नाकं मोजवली. नाकाची रुंदी घ्यायची, उंचीनं भागायची, शंभरानं गुणायचं. जो आकडा येईल तो लहान तर माणूस वरच्या जातीचा, मोठा तर खालच्या. रिस्लेसाहेबांच्या मते जात म्हणजे वंशच होता, आणि तो नाकावर लिहिलेला होता. या सिद्धान्ताला खिंडार पाडणारी माणसं निघाली ती आपल्या कोकणाशी नातं असलेली, याचा मला मनापासून अभिमान आहे. मालवणात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी 1932 साली तेच आकडे पुन्हा तपासले आणि दाखवलं, की उत्तर हिंदुस्थानचा एक टापू सोडला तर नाक आणि जातीची पायरी यांचा मेळ बसत नाही. महर्षी कर्वे दापोलीजवळच्या मुरुडचे. त्यांच्या सूनबाई इरावती कर्वे 1920च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्व मानणारे प्राध्यापक. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध आहे का, हे इरावतीबाईंना तपासायचं होतं. त्यांनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध नाही असं लिहून दिलं. गुरूच्या दारात, परक्या देशात, पंचविशीच्या आतबाहेरच्या बाईनं! याला छाती लागते.

आणि मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. 1936 साली लाहोरसाठी लिहिलेल्या आणि करू न दिलेल्या भाषणात त्यांनी सांगितलं, की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा अस्पृश्य हे एकाच वंशाचे आहेत, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा अस्पृश्यही तसेच. 1948 साली अस्पृश्यतेच्या मुळाचा शोध घेताना त्यांनी घुर्यांनी मांडलेले नाकाचे आकडेच पुराव्याला घेतले. म्हणजे ज्या पट्टीनं माणसाला खाली ढकललं, तीच पट्टी त्यांनी हातात घेऊन ती खोटी ठरवली. त्याआधी, 20 मार्च 1927 ला, महाडच्या चवदार तळ्यावर ते ओंजळभर पाणी प्याले होते. त्या तळ्यात गुरंढोरं पाणी पीत होती. अस्पृश्य मानलेल्या माणसांना बंदी होती.

अमेरिकेतली एक गोष्ट थोडक्यात सांगते. तिथे त्या काळी नागरिकत्व मिळायला 'गोरा' असणं हा एक मार्ग होता. 1922 साली एका जपानी माणसाला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, गोरा म्हणजे कॉकेशियन, त्या काळच्या वंशशास्त्रानं पाडलेल्या त्या नावाच्या गटातला, आणि तू तसा नाहीस. तीनच महिन्यांनी, 1923 मध्ये, भगतसिंग थिंड हे पंजाबी गृहस्थ उभे राहिले. त्यांचं म्हणणं, शास्त्राप्रमाणे मी कॉकेशियन आहे. तेच न्यायालय म्हणालं, शास्त्र काही म्हणो, सामान्य माणूस तुला गोरा मानत नाही. पुन्हा तेच, तसं म्हणतात.

आता घरी येते. आपल्या रायगडात गावाबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी कातकरी वाड्या असतात. खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी. जंगलावर सरकारनं हक्क सांगितला आणि कात गेला, मग कोळसा पाडला, मग वीटभट्टी. इंग्रजांनी 1871 च्या कायद्यानं अख्ख्या जमातींच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. तो शिक्का कातकऱ्यांवरही बसला. 1952 साली तो कायदा रद्द झाला. लोकांच्या मनातून रद्द झाला का, ते मी माझ्यावरूनच सांगते.

माझ्या नोकरीची पहिली काही वर्षं होती. सहावीच्या वर्गात एका मुलाची कंपासपेटी हरवली. वर्गात एकच कातकरी मुलगा होता, शेवटच्या बाकावर बसायचा. गणितात हुशार, तोंडी हिशेब सगळ्यांच्या आधी करायचा. मी "पेटी कुणी पाहिली?" एवढंच विचारलं आणि सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. मी त्या माना थांबवायला हव्या होत्या. मी उठले आणि सगळ्यांत आधी त्याचं दप्तर उघडलं. त्यात दोन वह्या होत्या, एक पेन्सिलीचा तुकडा आणि कागदात बांधलेली थोडी बोरं. ती बोरं मी बाकावर काढून ठेवली, सगळ्या वर्गासमोर. तो काही बोलला नाही. वह्या परत भरल्या, पण बोरं तशीच राहू दिली.

पेटी संध्याकाळी सापडली. ज्याची होती तो घरीच विसरून आला होता.

इस्राएल आळीत वाढलेली मी. आजींच्या भावाची कहाणी पाठ असलेली मी. माझा हात त्याच दप्तराकडे आधी का गेला, हे मी स्वतःला अजून विचारते.

दिवाळीनंतर तो आला नाही. आईबापांबरोबर भट्टीवर गेला असं कुणीतरी सांगितलं. वर्षअखेर मी हजेरीपटावरून त्याचं नाव कमी केलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, स्थलांतर.

नमस्कार.